पुळणीवरची राखण

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या मुखाशी होते तशी सामूहिक वीण इकडे होत नाही. एखादी मादी रात्री पुळणीवर चढते, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि तासाभरात समुद्राकडे परतते. कुठल्या रात्री, कुठल्या गावाच्या किनाऱ्यावर येईल ते सांगता येत नाही. ओडिशात मोजक्या किनाऱ्यांवर पहारा बसवला तरी लाखो माद्यांचे काम भागते; रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मात्र गावोगावच्या पुळणी रोज पहाटे कोणीतरी पायी तुडवाव्या लागतात. हे काम एका संस्थेच्या किंवा एका सरकारी खात्याच्या आवाक्यातले नाही. कोकणातली कासवराखण म्हणूनच पहिल्यापासून अनेकांच्या हातांनी चालत आली आहे.

तिची सुरुवात भलत्याच कामातून झाली. चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था १९९२ साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. २००२ साली तिचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्याने फिरत होते. मंडणगड तालुक्यात, नाना फडणविसांचे गाव म्हणून ठाऊक असलेल्या वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशीत कळले ते असे, की कासवे येतात हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, आणि अंडी काढून खाल्ली किंवा विकली जातात हेही. पक्ष्यांच्या मागे निघालेली माणसे कासवांपाशी थांबली. हौशी निसर्ग अभ्यासकांच्या गटांचा मोठा गुण इथे दिसतो. ठरल्या प्रकल्पाबाहेरचे काही दिसले तर त्याच्या मागे जायला त्यांना कोणाची मंजुरी लागत नाही.

मंजुरी लागते ती पुढच्या कामाला. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे; वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्या अंड्यांना हात लावणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा वाटणी आपोआप पडते. परवानगी, हद्दीचा प्रश्न आणि मानधनाचा बराचसा भाग वनखात्याकडे, खारफुटी व सागरी जीवांचे काम पाहणारा कांदळवन कक्ष झाल्यापासून त्याच्याकडेही. पद्धत शिकवणे आणि नोंदी तपासणे निसर्गमित्र संस्थेकडे. रोजची चाल गावातल्या कासवमित्राकडे. कासवमित्र म्हणून नेमायला सर्वांत लायक माणूस बहुधा तोच असतो, जो पूर्वी अंडी काढत असे. मादी कुठल्या अंगाने चढते, वाऱ्याने पुसट झालेला माग कुठे संपतो, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. काही निसर्गप्रेमींना ही नेमणूक खटकते. पण पहाटेच्या अंधारात घरटे सापडते ते नीतिमत्तेने नव्हे, सवयीच्या नजरेने.

प्रत्यक्ष कामात घाई आणि हळुवारपणा दोन्ही लागतात. पाण्यापासून वर गेलेला आणि परत उतरलेला असा दुहेरी माग दिसला, की त्याच्या वरच्या टोकाशी विस्कटलेली वाळू शोधायची. तिथे बारीक काठी अलगद टोचून पाहतात. भोवतीच्या घट्ट वाळूत ती अडते आणि घरट्याच्या तोंडावर एकदम आत जाते. तिथेच थांबायचे, कारण आणखी रेटली तर वरचे अंडे फुटते. पुढचे सगळे हाताने. अंडी एकेक करून, आहेत त्याच बाजूने उचलून, घरट्यातलीच थोडी ओली वाळू घातलेल्या बादलीत ठेवतात. घातल्यापासून काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या अस्तराला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. म्हणून उन्हे वर येण्याआधी ती कुंपण घातलेल्या हॅचरीत पोचलेली बरी. तिथे दीडेक फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर असा चंबूच्या आकाराचा खड्डा काढून ती त्यात ठेवतात आणि तीच वाळू वर घालतात. घरटे सापडल्याची तारीख, जागा, अंड्यांची संख्या यांची पाटी शेजारी रोवली जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले निघतात. पिल्ले निघायचे दिवस जवळ आले, की वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उघडून पाहतात. निघालेली पिल्ले पाण्यात नेऊन सोडायची नसतात. ओल्या वाळूवर ठेवून त्यांना आपल्या पायांनी चालू द्यायचे असते.

हॅचरी हा नाइलाज आहे, आणि जाणते कार्यकर्ते तसे स्पष्ट म्हणतात. कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी दोन्ही निघतात, त्याहून उबदार वाळूत माद्या वाढतात आणि थंड वाळूत नर. सगळी घरटी एकाच कुंपणात, एकाच सावलीत आणली तर हे प्रमाण नकळत माणसाच्या हाती जाते. जिथे कुत्री, कोल्हे, भरतीचे पाणी आणि चोर यांचा धोका कमी असेल तिथे घरटे जागेवरच ठेवून त्यावर जाळी बसवणे उत्तम. पण जागच्या जागी राखलेले घरटे रोज राखावे लागते, म्हणजे जास्त माणसे लागतात. अखेर प्रश्न पुन्हा मनुष्यबळावरच येतो.

माणसे आणि पैसा दोन्ही जमवण्यासाठी २००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावातल्याच घरी उतरायचे, घरचे जेवायचे आणि पिल्ले निघाली तर ती समुद्राकडे जाताना पाहायची. उत्पन्न थेट घराघरांत जाऊ लागले, तेव्हा अंड्यांच्या रक्षणाला आधी जो उपदेशाचा वास होता तो गेला. पुढे आंजर्ल्यासारख्या इतर गावांनीही हा मार्ग धरला. मात्र गर्दीला आवर घालणे हे राखणीइतकेच कष्टाचे आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, तरी मोबाईलचा फ्लॅश मारणारा एकजण दर गर्दीत निघतोच. दोरीच्या आत येऊ नका, हे कोकणी यजमानाने पाहुण्याला सांगणे सोपे नसते. ते काम बाहेरच्या स्वयंसेवकांनी घेतलेले बरे पडते.

अशी राखण एकट्या महाराष्ट्रात नाही. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे वनखाते व स्थानिक मंडळी ती करतात. केरळात पय्योळीजवळच्या कोळावीपालम इथल्या तरुण मच्छीमारांनी १९९२च्या सुमारास तीरम ही संस्था काढली. चेन्नईत १९७०च्या दशकात निसर्गप्रेमींनी सुरू केलेली रात्रीची कासवफेरी १९८८पासून विद्यार्थ्यांच्या संस्थेने चालवली आहे. २००९ साली देशभरातल्या अशा गटांनी टर्टल ॲक्शन ग्रुप हे जाळे उभारले. श्रेयावरून रुसवेफुगवे इथेही होतात, निसर्गप्रेमी मंडळी त्याला अपवाद नाहीत. पण कासवाला जिल्ह्याची हद्द माहीत नसल्यामुळे नोंदी एकमेकांना दाखवाव्याच लागतात. २०२२ साली कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कोकणातल्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले; त्यांतली पहिली, ‘प्रथमा’, वेळासची होती. २०२१ साली ओडिशात वल्ह्यासारख्या पायावर धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी तर २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे निराळी, हा समज त्या एका क्रमांकाने डळमळला. तो कळला, कारण गुहागरच्या वाळूवर माणसे जागी होती आणि आकडा वाचून कोणाला कळवायचा हे त्यांना ठाऊक होते.

किनाऱ्यावरच्या गटांचे हात पाण्यात मात्र पोचत नाहीत. अंडी वाचली तरी मोठी कासवे मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरतात, आणि तिथे राखणदार एकच, तो म्हणजे नाखवा. जाळे कापून कासव सोडायचे तर नुकसान त्याचे. २०१८च्या अखेरीस महाराष्ट्रात वन आणि मत्स्य विभागांनी मिळून त्यावर भरपाई योजना आणली: संरक्षित सागरी जीवाची सुटका करताना जाळे कापावे लागले, तर छायाचित्र किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर पंचवीस हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. अर्ज भरणे, पुरावा जोडणे आणि त्याचा पाठपुरावा करणे ही कामे होडीवर होत नाहीत. ती मच्छीमार सोसायटी आणि स्थानिक निसर्गमित्र यांनी मिळून करायची असतात.