सांध्याची काठी

खरादीच्या धंद्यात आता उरलंय काय, असं कुणी विचारलं की मी लाटण्यांच्या ढिगाकडे बोट दाखवतो. लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, देवघराच्या चिमुकल्या खांबांच्या जोड्या, कुऱ्हाडीचे दांडे. अब्बांच्या उमेदीच्या काळात गोष्ट वेगळी होती. मेहकरच्या बाजाराला येणारा कास्तकार बैलगाडीची दांडी, वखर, तिफण अशी कामं घेऊन यायचा. अब्बा आधी लाकूड विचारायचे. गाडीच्या दांडीला तिवस, आसाला आणि हत्यारांच्या दांड्यांना धावडा, चाकाच्या तुंब्याला बाभूळ. भलतं लाकूड आणलं तर काम परत. मग टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला, आणि अब्बांच्या डोक्यातली ही सगळी विद्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून चहा पिऊ लागली.

तिला पुन्हा काम मिळालं ते पूलच्या काठीमुळे. माझा भाचा अकोल्याला शिकतो. तिथल्या एका हॉलमध्ये तो पूल खेळायला लागला आणि बरा खेळतो, असं त्याचे मित्र सांगतात. हॉलमधल्या काठ्या वाकलेल्या, टोकं झिजलेली. स्पर्धेत उतरायचं तर स्वतःची काठी पाहिजे. पोरं तिला स्टिक म्हणतात, जाणकार क्यू म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात तो दुकानात येऊन म्हणाला, "मामू, तुम्ही बनाके देते क्या?"

आपाने ऐकलं आणि भांडण उभं राहिलं. तिचं म्हणणं सरळ होतं: जिथे टेबलावर पैसे लागतात, तिथे माझं पोरगं नको. तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ हॉलमध्ये शर्यती लागतात, आणि जुगार तो जुगारच. पण खेळाचा त्यात काय दोष? पत्त्यांवर पैसे लागतात, कबुतरांवर लागतात, क्रिकेटवर तर सगळ्यांत जास्त लागतात. मी तिला यासीन मर्चंटबद्दल सांगितलं. मुंबईचा खेळाडू, 1989 आणि 2001 साली स्नूकरचा आशियाई विजेता. त्याच्या आधी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स. 1958 साली ते बिलियर्ड्‌सचे हौशी विश्वविजेते झाले, 1964 साली पुन्हा झाले. कोणत्याही खेळातला वैयक्तिक विश्वविजेता भारताला पहिल्यांदा मिळाला तो याच काठीमुळे. आपा म्हणाली, "वो बडे शहर के लोग." मग मी म्हटलं, स्नूकर तर जबलपूरला जन्मला, 1875 साली, छावणीतल्या इंग्रज अफसरांच्या टेबलावर, आणि आपला बुलढाणा जिल्हा आणि जबलपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. या युक्तिवादाला काही अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं, पण ती हसली. दोन दिवसांनी शिवणकामातून साठवलेले पैसे तिने माझ्या हातावर ठेवले. तीन महिन्यांची कमाई होती. "एकही बार," असं म्हणाली. म्हणजे काठी वाकली तर दुसरी नाही.

आता या काठीचं काम काय ते सांगतो. लांबी साधारण 57-58 इंच. वजन 18 ते 21 औंस, म्हणजे अर्धा किलोच्या थोडं वर. पुढचं टोक 12-13 मिलिमीटर. स्नूकरच्या काठीचं याहून बारीक, 9-10 मिलिमीटर. पुढचा भाग हलका, ताठ, सरळ रेषेचा हवा, म्हणून तिथे मेपल किंवा ऍश ही थंड मुलखातली लाकडं घेतात. हातात धरायचा भाग जड हवा, म्हणजे तोल मागे येतो. तिथे शिसव किंवा आबनूस. आबनूस म्हटलं की लोकांना आफ्रिका आठवते. पण आपल्या विदर्भातल्या टेंभुर्णीचा काळा गाभा म्हणजे आबनूसच. बिडीची पानं देणारं झाड एवढीच त्याची ओळख आपल्याकडे राहिली. गाभा लहान निघतो, वेडावाकडा निघतो, पण निघतो तेव्हा काळाभोर.

तर दोन लाकडं आली, म्हणजे सांधा आला. आणि सांधा म्हटल्यावर अब्बा कोपऱ्यातून उठले.

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. ती आडवी कापली की नळ्यांची तोंडं उघडी पडतात, सरस आत शोषला जातो, धरायला काही उरत नाही. तोंडाला तोंड लावून चिकटवलेली दोन लाकडं गुडघ्यावर मोडतात. सरस धरतो तो उभ्या बाजूला. म्हणून मोडलेल्या दांडीला जोड द्यायचा तर काप तिरपा आणि लांब घ्यायचा. क्रिकेटच्या बॅटमध्ये हेच आहे: विलोच्या फळीत वेताची मूठ पाचरीसारखी खोल उतरवलेली असते. क्यूमध्ये हे काम आणखी नाजूक. दोन्ही लाकडांना चार-चार लांब निमुळती बोटं काढतात आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी ती एकमेकांत दाबून बसवतात. बाहेरून दिसतात ती फिक्या लाकडात वर चढलेली चार काळी टोकं. दुसरी रीत अशी की फिक्या लाकडात चार खाचा पाडून काळ्या पाचरी बसवायच्या आणि मूठ वेगळी जोडायची. तीही चांगली होते, पण तिथे पाचरी म्हणजे बरीचशी शोभा. इंग्लंडमधले जुने कारागीर तर निमुळत्या दांड्याच्या चार बाजू रंधून त्यावर आबनुसाच्या पट्ट्या एकेक करून चिकटवत. तिथे टोकं अणकुचीदार न येता गोलसर येतात. आणि अगदी स्वस्त काठ्यांवर ही टोकं नुसती छापलेली असतात.

असा सांधा घरी पाडायला यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. सांधा तयार असलेला कच्चा दांडा विकत मिळतो, त्याला ब्लँक म्हणतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने चार ब्लँक पाठवले: एक ठेवा, बाकीचे परत करा, येण्या-जाण्याचं भाडं तुमचं. एप्रिलमध्ये ते पार्सल उघडलं.

भाच्याने क्षणात निवड केली. पहिल्याच दांड्याच्या मेपलमध्ये चिमणीच्या डोळ्यांसारखे ठिपके होते आणि खाली गडद, लालसर काळं लाकूड. फारच देखणा. "मामू, येईच!" अब्बांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने धूसर दिसतं. त्यांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. प्रत्येक ठिपका म्हणजे रेषेतला भोवरा. पेटीला, मुठीच्या भागाला शोभेचं लाकूड. पण पुढे बोटाएवढ्या जाडीपर्यंत रंधायच्या लांब काठीला रेषा टोकापर्यंत सलग पाहिजे. मध्येच बाहेर निघालेल्या रेषेवर काठी मोडते, किंवा हवा बदलली की तिथूनच बाक धरते. रेषा डोळ्याला फसवते, म्हणून अब्बांनी जुनी युक्ती केली. रंधलेल्या बाजूवर शाईचा थेंब सोडायला लावला. शाई लाकडाच्या नळीतून धावते. तिची वाट दांड्याला समांतर गेली तर ठीक, कडेला गेली तर नको. पहिल्या दांड्यावर ती भलतीकडेच गेली.

दुसऱ्याची मूठ काळी कुळकुळीत. बुडाचा पातळ काप काढला, तर आत फिकं तपकिरी. रंगवलेलं. रंग देणं गुन्हा नाही, पण आबनुसाचे पैसे रंगाला का द्यायचे?

तिसऱ्यावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. लाकूड उत्तम होतं. पण चार टोकांपैकी तीन एका उंचीवर आणि चौथं इंचभर खाली. सांध्याचा उतार इतका लांब असतो, की केंद्र अर्धा सूत सरकलं तरी टोकांत इंचाहून जास्त फरक पडतो. उलट्या बाजूने पाहिलं, तर केंद्र हलवून टोकं सारखी करताही येतात, फक्त त्या बाजूला काढायला तेवढं लाकूड पाहिजे. पेन्सिलीने नवं केंद्र काढलं, पुढच्या टोकाला मोजलं, लाकूड पुरत नव्हतं. शिवाय सांध्याच्या रेघेवरून स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा बाकीचं लाकूड लगेच वाळलं आणि एका बाजूला केसाएवढी रेघ ओलीच राहिली. म्हणजे तिथे सरस नाही, फट आहे. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नसती.

चौथा दांडा दिसायला अगदीच साधा. मूठ शिसवीची, तीही फारशी गडद नाही. मेपलवर एक बारीक तपकिरी डाग. भाच्याचं तोंड उतरलं. शाई सरळ धावली, स्पिरिट सगळीकडे एकदम वाळलं, टोकं पेन्सिलीच्या जाडीइतकीच इकडेतिकडे. अब्बांनी तो दोन बोटांत उभा लटकवून बोटाच्या पेराने ठोकला. आधीच्या तिघांचा आवाज बसका होता, याचा लांबत गेला. हे आवाजाचं शास्त्र मला पूर्ण पटलेलं नाही. लाकडाची घनता आणि कोरडेपणा त्यातून कळतो, सांधा आतून सुटलेला असेल तर आवाज मरतो, इतपत मी मानतो. अब्बा त्याहून बरंच काही ऐकतात. डाग मुठीपासून दूर होता, रंध्याखाली जाण्यासारखा नव्हता, आणि त्याने काही बिघडतही नव्हतं. आपाला बोलावून चारही दांडे दाखवले, कारण पैसे तिचे होते. तिने ठिपक्यांचा उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्यावर हात ठेवला. "कपडा लेती तो मैं भी उलटा करके देखती," म्हणाली.

भाच्याला काठी पंधरा दिवसांत हवी होती. अब्बांनी ती ऑक्टोबरवर नेली. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात लाकूड हाडासारखं कोरडं होतं आणि मृगानंतर तेच पाणी ओढून फुगतं. त्यात ही दोन लाकडं, दोघांची फुगण्याची चाल वेगळी. आत्ता घाईने पूर्ण केली तर जुलैत पीळ पडणार. म्हणून पहिला हात मारून, दांडा जाडच ठेवून, बुडाला सुतळी बांधून आतल्या खोलीत खुंटीवर उभा लटकवला. आडवा टेकवायचा नाही, भिंतीला लावायचा नाही. पैनगंगेला पूर येऊन गेला, पोळा झाला, दांडा लटकलेलाच. मधे दोनदा काढून थोडं थोडं लाकूड उतरवलं. लाकडाला जो काही बाक द्यायचा होता तो त्याने जाड असतानाच दिला आणि तेवढा बाक रंध्याखाली निघून गेला. शेवटचा निमुळतेपणा अब्बांनी खरादीवर करूच दिला नाही. एवढं लांब बारीक लाकूड फिरताना मधे थरथरतं. तो त्यांनी रंध्याने केला, बोटांनी चाचपत. एसटीत नेता यावी म्हणून मधोमध कापून पितळी आटे बसवले. तयार झाली तेव्हा वजन 540 ग्रॅम भरलं. कडप्प्याच्या लादीवर ती लोळवली, खालून उजेड कुठेही लुकलुकला नाही.

काठी अकोल्याला गेली. भाचा जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरला, असं त्याने स्वतःच फोनवर सांगितलं. आपाने फक्त काठी सरळ आहे ना, एवढंच विचारलं. त्याच्या हॉलमधल्या आणखी एकाने मागणी केली आहे.

आतल्या खोलीत सध्या दोन दांडे लटकले आहेत. एक त्या मुलाचा. दुसऱ्याला गिऱ्हाईक नाही. तो अब्बांनी स्वतःच्या मनाने केलाय, धावड्याच्या दांड्याच्या चार बाजू रंधून त्यावर शिसवीच्या पट्ट्या चिकटवून. यंत्र नव्हतं, पटाशी आणि रंधा एवढ्यावर त्यांना दीड महिना लागला. धावडा चिवट आहे, पण जड आहे. काठीच्या पुढच्या भागाला तो चालेल याबद्दल मला शंका वाटते, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली आहे. ते म्हणाले, बारिश जाने दे.