ईपरचा वारा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचीकडे बेल्जियमला जाण्याचा योग आला. ती गेंट शहरात नोकरीला असते. तिथे गेलेली माणसे चॉकलेटे खातात, कालव्यांतून नावेने हिंडतात. मी मात्र पहिल्याच रविवारी "मला ईपरला ने" असा हट्ट धरला. "मामा, तिथे थडग्यांखेरीज काय आहे?" असे कुरकुरत का होईना, ती निघाली.

खरे कारण मी तिला सांगितले नव्हते. मला लहानपणापासून दम्याचा विकार आहे. रात्री खिडकीशी बसून एकेक श्वास ओढणे म्हणजे काय, हे मी जाणतो. माणसाने माणसाच्या श्वासावरच घाला घातला, ती जागा एकदा पाहावी, असे फार दिवस मनात होते.

गावात भाड्याने सायकली घेऊन आम्ही कालव्याच्या काठाने स्टीनस्ट्राटकडे निघालो. सपाट मुलूख. मक्याची शेते, सुस्त गाई आणि अडवायला टेकाड नसल्यामुळे मोकाट सुटलेला वारा. २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास याच वाऱ्याने घात केला. जर्मन सैन्य कित्येक दिवस त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी खंदकांत पाच हजार सातशेहून अधिक नळकांडी पुरून ठेवली होती. तोफ नाही, गोळा नाही. नुसत्या तोट्या उघडल्या. सुमारे सहा किलोमीटर लांबीचा हिरवट पिवळा ढग फ्रेंचांच्या आणि त्यांच्या अल्जीरियन शिपायांच्या खंदकांकडे सरकत गेला. 'वाऱ्यावर सोडणे' याचा वाक्यात उपयोग मी वर्गात कितीदा करून घेतला असेल! त्या शब्दांचा असाही अर्थ होईल, हे मनात आले नव्हते.

तो वायू क्लोरीन. आपल्या नळाचे पाणी ज्याने शुद्ध करतात, तोच. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून खंदकात उतरून तळाशी साचतो. गोळीपासून वाचण्यासाठी जो खाली दबून बसला, तोच आधी गुदमरला. छातीत पाणी भरून माणूस कोरड्या जमिनीवर बुडावा, तसे हे मरण.

आणि बचाव? दोन दिवसांनी कॅनडाच्या शिपायांवर वायू आला, तेव्हा त्यांनी रुमालावर लघवी करून तो नाकातोंडाशी धरला. पुढे औषधात भिजवलेल्या पट्ट्या आल्या, मग मुखवटे. ईपरच्या संग्रहालयात ते मांडून ठेवले आहेत. काचेमागचे ते वटारलेले डोळे पाहून भाची गप्पच झाली.

२६ एप्रिलला आपली लाहोर डिव्हिजन याच रानात उतरली. जमादार मीर दस्त याने वायूने बाधलेला असतानाही आपली तुकडी सावरली आणि आठ अधिकारी उचलून सुरक्षित आणले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण वायूने दिलेले दुखणे सरले नाही.

हा बेत ज्याच्या डोक्यातला, तो फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत त्याचीच. त्याबद्दल त्याला १९१८ चे नोबेल मिळाले, आणि आपल्या शेतकऱ्याचे युरियाचे पोते आजही त्याच रीतीवर चालते. या माणसाला काय म्हणावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

१९१७ मध्ये याच गावाजवळ मस्टर्ड गॅस प्रथम वापरला गेला. फ्रेंच भाषेत त्या विषाला गावावरूनच 'ईपेरीत' म्हणतात. गावाने काय पाप केले होते? १९२५ मध्ये जिनिव्हात असल्या वायूंच्या वापरावर बंदी आली, १९९७ पासून ते बाळगण्यावरही. जगातल्या राष्ट्रांनी जाहीर केलेला शेवटचा साठा २०२३ साली नष्ट झाला. अर्थात जाहीर केलेला! सीरियात याच शतकात क्लोरीन पुन्हा माणसांवर पडला.

परतताना एका शेताच्या कडेला, विजेच्या खांबाच्या बुडाशी गंजलेले दोन तोफगोळे दिसले. नांगराला लागलेले असे गोळे शेतकरी रस्त्याकडेला ठेवतात. मग पुलकापेलच्या तळावरचे लष्करी लोक येऊन ते नेतात. कशात बारूद, कशात वायू, ते तपासल्यावाचून कळत नाही.

"मामा, लांबून चला," भाची म्हणाली. मी सायकल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घेतली. वारा शेताकडून आमच्याकडेच येत होता. खांब मागे पडेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.