थिबा राजाच्या वाड्यापाशीं

नोकरींतून निवृत्त होऊन आम्हांस सहा महिने झाले होते. पुढील दिवसांचें करावयाचें काय, हा प्रश्न उशाशीं घेऊनच आम्ही सपत्नीक रत्नागिरीस गेलों.

पहिल्या दिवशीं थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजास इंग्रजांनीं 1885 सालीं मंडालेच्या सिंहासनावरून खालीं खेंचिलें व पुढच्या वर्षीं येथें आणून ठेविलें. हा तांबडा, कमानदार खिडक्यांचा वाडा 1910 सालीं सिद्ध झाला. 1916 सालीं राजा येथेंच वारला. स्वदेशाचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं. तीस वर्षें सरकारी तनखा घ्यावा आणि सुटकेची वाट पाहावी, एवढेंच त्याच्या हातीं उरलें होतें.

दुसऱ्या दिवशीं टिळक आळींत लोकमान्यांचें जन्मस्थान पाहिलें. 1856 सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या या पुरुषास सरकारनें 1908 सालीं सहा वर्षांची शिक्षा दिली व धाडिलें तें नेमकें मंडालेस! मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेंत. दैवाची ही अदलाबदल पाहून मन थक्क होतें. 1910-11 च्या हिवाळ्यांत, म्हणजे राजाचा वाडा सिद्ध झाला त्याच सुमारास, टिळकांनीं तुरुंगांत शिसपेन्सिलीनें ‘गीतारहस्य’ लिहून काढलें. 1912 सालीं पत्नी वारल्याची वार्ता त्यांस तेथेंच ऐकावी लागली. 1914 सालीं ते सुटले व 1915 सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्ञान झाल्यावरही मनुष्यानें कर्म सोडूं नये, लोकसंग्रहार्थ तें करीतच राहावें, हा त्या ग्रंथाचा इत्यर्थ.

राजास दोष देणें आम्हांस अनुदार वाटतें. राज्य करणें हेंच ज्याचें कर्म, त्याचें राज्यच गेलें. टिळकांचें काम मात्र कोणास हिरावून घेतां आलें नाहीं, कारण तें कोणत्याही पदावर अवलंबून नव्हतें. जीविताचें प्रयोजन पदांत ठेवावें तर पदाबरोबर तेंही जातें, असा बोध आम्हीं घेतला आणि परतीच्या वाटेवर मोठ्या थाटानें सौभाग्यवतींस ऐकविला. त्या शांतपणें म्हणाल्या, “खरें आहे. पण आपण तरी सहा महिने कशाची वाट पाहत आहां?”

उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र आजोबांच्या मोडी दप्तराचें बासन माळ्यावरून खालीं काढलें. नातवंडांस वाचतां यावें म्हणून तें देवनागरींत उतरविण्याचें काम आम्ही वर्षानुवर्षें पुढें ढकलीत आलों होतों. आजवर चौदा पानें झालीं आहेत.