दऱ्या आणि दर्या

एका कवितासंग्रहाची मांडणी आम्ही केली होती. त्यात 'दऱ्या' हा शब्द तीनदा येतो. छापून आलेल्या पुस्तकात तिन्ही ठिकाणी तो 'दर्या' झाला होता. सह्याद्रीतली कविता समुद्रावर जाऊन पोचली. वृद्ध कवी रागावले नाहीत. त्यांनी शाईने तिन्ही दुरुस्त्या करून एक प्रत आम्हांस भेट दिली. राग परवडला असता.

दोष कुणाचा? युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. मात्र ज्या जगन्मान्य सॉफ्टवेअरवर आमचे पोट चालते, त्याला भारतीय लिप्या अधिकृतपणे जमू लागल्या त्या २०१२च्या सुमारास. तोवर आम्ही रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवणारे फॉन्ट वापरून निभावले. त्या काळातला मजकूर आज युनिकोडमध्ये आणताना असे अपघात घडतात. अर्ध्या 'र'ची ती चंद्रकोर हरवते, तिचा रफार होतो आणि शब्द तरीही शुद्धच दिसतो.

आजही नव्या फाइलीत मराठी मजकूर ओतावा, तर वेलांटी अक्षरामागे घसरते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मेनूत खोल दडलेला एक पर्याय निवडला की सारे सुरळीत होते. पण तो मुळातच निवडलेला का नसावा? मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील, तर फॉन्ट आणि भाषेची निवड दोन्ही जुळून यावी लागतात. एरवी हिंदी वळण पदरी पडते. २०१३नंतरच्या नव्या आवृत्त्या तर विकतही मिळत नाहीत. भाडे भरत राहायचे. स्क्रायबससारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे, हे आम्ही जाणतो. पण पुनर्मुद्रणासाठी प्रकाशक मूळ फाइल मागतात, ती याच सॉफ्टवेअरची.

इतके सांगूनही ती भेटप्रत आम्हांस निर्दोष ठरवत नाही. शेवटची मुद्रिते आम्हीच तपासली होती. वेलांट्या जागेवर आहेत ना, जोडाक्षरे तुटली नाहीत ना, एवढेच पाहत पाने उलटली. कविता वाचलीच नाही. या सॉफ्टवेअरविषयी आमची खरी तक्रार हीच आहे: त्याने आम्हांस अक्षरांचे पहारेकरी केले आणि वाचक राहू दिले नाही. आता छपाईला देण्यापूर्वी आम्ही प्रत्येक पुस्तक एकदा कागदावर काढून, संगणक बंद करून, मोठ्याने वाचतो.