साडेपाचशे टक्के लाभांश

मे 2023 मध्ये मी पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. खासगी नोकरी, त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएफओचे जेमतेम अडीच हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम हातात आले आणि त्यातूनच आता दर महिन्याचं घर चालवायचं होतं.

त्या दिवाळीच्या आधी एका कंपनीची बातमी वाचली. तिने नुकताच 550 टक्के लाभांश दिला होता. आकडा पाहून मी हरखून गेलो. हा टक्का दर्शनी किमतीवर मोजतात, हे मला माहीत होतं. शेअरची दर्शनी किंमत 2 रुपये, म्हणजे एका शेअरमागे 11 रुपये. बाजारभाव होता 100 रुपये. म्हणजे 11 टक्के परतावा! बँकेच्या ठेवीपेक्षा कितीतरी जास्त. मी 3,000 शेअर घेतले. तीन लाख गुंतले. वर्षाला 33,000 येतील असं गृहीत धरून वहीत औषधं, दूध आणि वीजबिलाचा हिशेबही मांडला.

पुढच्या ऑगस्टमध्ये बँकेचा मेसेज आला. जमा रक्कम 5,400 रुपये.

“अहो, बाकीचे नंतर येणार आहेत का?” बायकोने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी कंपनीचा आदल्या वर्षीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा उघडला. खरं तर तो शेअर घेण्याआधीच वाचायला हवा होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 11 रुपयांपैकी नियमित लाभांश फक्त 2 रुपये. उरलेले 9 रुपये विशेष लाभांश होते, कारण कंपनीने आपली एक जागा विकली होती. जागा एकदाच विकता येते. 2024 मध्ये पुन्हा 2 रुपयेच मिळाले. 3,000 शेअरचे 6,000 झाले आणि त्यातून दहा टक्के टीडीएस कापला गेला. माझं उत्पन्न करपात्र नव्हतं. वेळेवर 15 एच फॉर्म भरला असता तर ते 600 रुपयेही कापले गेले नसते. शेअरचा भाव तोवर 70 च्या खाली आला होता. कंपनीने काहीच लपवलं नव्हतं. चूक माझीच होती.

मग मी मांडणी बदलली. त्या शेअरमधून तोटा सोसून बाहेर पडलो. 15 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 30,750 रुपये खात्यात येतात. किराणा, औषधं, बिलं त्यात भागतात. त्याहून छोटी रक्कम पाच-सहा कंपन्यांत विभागली. आता शेअर घेण्याआधी दहा वर्षांचा लाभांश तपासतो. मंदीच्या वर्षीही दिला होता का? नफ्याचा किती भाग वाटला? धंद्यातून खरोखर रोकड येते का, की कर्ज काढून वाटप चाललंय? परतावा फारच मोठा दिसला तर आधी भाव का पडलाय ते शोधतो. नुसता लाभांश पदरात पाडून घ्यायला ऐनवेळी शेअर घेत नाही. कारण एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच उतरतो.

तरीही लाभांशाबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. चांगली कंपनी नफा वाढेल तसा लाभांश वाढवत नेते. पोस्टाचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, महागाई मात्र थांबत नाही. म्हणून मला दोन्ही हवेत.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगतो: व्याज हे देणं असतं, लाभांश हा संचालक मंडळाचा निर्णय असतो. घरातलं दूध आणि औषध त्या निर्णयावर अवलंबून ठेवू नका.