पुळ्याच्या डोंगराला एक फेरी

रत्नागिरीकडे सहलीला गेलेल्या तुमच्यापैकी पुष्कळांनी गणपतीपुळं पाहिलं असेल. देवाचं दर्शन होतं, वाळूत किल्ले होतात, भेळ खाऊन होते आणि मग सगळे गाडीत बसून परत निघतात. पण एक गोष्ट बऱ्याच जणांची राहून जाते. ती म्हणजे देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा.

एरवी आपण गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतो. इथे मात्र गणपती डोंगराच्या पायथ्याशीच आहे, स्वयंभू आहे, आणि सगळा डोंगरच देवाचं रूप मानला जातो. तेव्हा फेरी घालायची ती अख्ख्या डोंगराला! वाट साधारण एक किलोमीटरची, चांगली बांधलेली आहे. पुष्कळजण ती अनवाणी चालतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी निघावं, नाहीतर पाय चांगलेच भाजतात बरं का!

तुमचं एक पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं, तर किती पावलांत फेरी पुरी होईल? करा पाहू हिशेब. आणि चालताना मोजूनही बघा.

आता एक गंमत सांगतो. प्रदक्षिणेत देव नेहमी उजव्या हाताला ठेवायचा असतो. इथला देव पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसला आहे. म्हणजे आपण आधी उत्तरेकडे चालायला लागतो, मग पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे आणि शेवटी पुन्हा समुद्राकडे. संध्याकाळी निघालात, तर आपल्या सावलीवर लक्ष ठेवा. उत्तरेला जाताना सावली उजवीकडे पडेल. पूर्वेला वळलात की ती पुढे येईल. पण तिथे ती सापडेलच असं नाही हं! का? कारण तोवर तुम्ही डोंगराच्या मागे गेलेले असता आणि तुमच्यापेक्षा फार मोठ्या कुणाची तरी सावली तुमच्यावर पडलेली असते.

डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवा. सुरुवातीला लाटांचा आवाज मोठा असतो. डोंगर मध्ये आला की तो कमी होतो आणि पाखरांचा आवाज ऐकू यायला लागतो. शेवटच्या वळणावर पुन्हा समुद्राची गाज येते. झाडंही निरखा. समुद्राकडून खारा वारा सतत लागतो, तिथल्या झाडांच्या फांद्या जमिनीच्या बाजूला झुकलेल्या दिसतात का? मागच्या बाजूची झाडं तशीच आहेत का? वहीत दोन्हींची चित्रं काढा.

वाटेत तांबूस, भोकाभोकांचा दगड दिसला तर त्याच्यावरून हात फिरवा. हा आपल्या कोकणचा जांभा. याचेच चिरे काढून इथली घरं बांधतात. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्याने केरळात असाच दगड पाहिला आणि 1807 साली त्याला 'लॅटराइट' असं नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट! तिथेही लोक हा दगड विटांसारखाच कापून घरं बांधत होते.

आता एक कोडं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे सगळं पाणी जागच्या जागी साठलं, तर ते तुमच्या घराच्या दारापेक्षाही उंच होईल. मग तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या कितीतरी गावांत विहिरींचा तळ का दिसतो?

उत्तर या फेरीतच आहे. कोकणची जमीन उताराची. सह्याद्रीवर पडलेलं पाणी नद्यांतून धावत सुटतं. पुळ्याच्या दक्षिणेला भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते आणि उत्तरेला जयगडला शास्त्री नदी. दोन्ही नद्यांची वाट लहानशीच. पाणी एकदा पळालं की समुद्रात जाऊनच थांबायचं. त्याला अडवणार कोण? तर झाडं, त्यांची मुळं आणि खाली साठलेला पाचोळा. ते पाण्याला हळू करतात. मग पाणी जांभ्याच्या भोकांतून आत मुरतं, खालच्या चिकणमातीपर्यंत उतरतं आणि पायथ्याशी झऱ्यातून किंवा विहिरीत पुन्हा वर येतं. झाडं तोडली, डोंगर कापला, की पाऊस तेवढाच पडतो, पण पाणी मात्र मुरायला थांबत नाही.

डोंगरालाच देव मानलं, की त्याच्यावर कुऱ्हाड कोण चालवणार? आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या त्या अशाच. देवराईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा कितीतरी गावांचा नियम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि हे रान किती मोलाचं आहे ते जगापुढे मांडलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते ठाऊकच होतं. देवराईजवळचा झरा उन्हाळ्यातही का वाहतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं.

पण नुसत्या नमस्काराने डोंगर राखला जात नाही. पाण्याची रिकामी बाटली, वेफर्सचं पाकीट वाटेवर टाकलं, तर पहिल्या पावसात ते थेट समुद्रात जातं. म्हणून आपला कचरा आपल्या पिशवीत ठेवायचा. आणि एक ताकीद, आईबाबांसाठीसुद्धा : पुळ्याचा समुद्र दिसायला शांत वाटला तरी तळाशी जोरात ओढतो. इथे माणसं बुडाली आहेत. तेव्हा फेरी झाल्यावर पाय धुवायचे ते काठावरच!

पुळं लांब आहे म्हणता? हरकत नाही. तुमच्या गावातही एखादी टेकडी, तळं किंवा मोठं रान असेलच. रविवारी घरातल्या मोठ्या माणसांबरोबर त्याला पूर्ण फेरी घाला. जिथून निघालात तिथेच परत या. वाटेत किती झाडं, किती विहिरी आणि किती ओढे लागले ते कागदावर मांडून नकाशा करा. मग आजीला किंवा आजोबांना तो दाखवा आणि विचारा, "तुमच्या लहानपणी इथे काय काय होतं?" ते जे सांगतील, ते त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने भरा. दोन रंगांत किती फरक पडला, ते शाळेत गुरुजींना आणि बाईंना जरूर दाखवा.