कोण मागतंय?

लिनक्सवर जुना गेम चालवायला जावं आणि टर्मिनलने सांगावं, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही.' फाइल तर डोळ्यांसमोर असते. यादीत नाव असतं, चालवण्याची परवानगी असते. मग माणूस परवानग्याच बदलत बसतो. खरा प्रकार असा असतो की गेम ३२-बिट आहे, आणि अशा प्रोग्रामच्या पोटात त्याला मेमरीत चढवणाऱ्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. निव्वळ ६४-बिट यंत्रावर तो लोडरच बसवलेला नसतो. गायब असतो लोडर, पण संदेशात नाव येतं गेमचं.

म्हणून 'काय सापडत नाही?' याच्या आधी मी विचारतो, 'कोण मागतंय?' 'फाइल' ही साधी आज्ञा गेम किती बिटांचा आहे आणि कोणता लोडर मागतो ते सांगते. मग 'एलडीडी' लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देते आणि नसलेल्यांपुढे तसं लिहिते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीवर मात्र ती चालवू नये. त्या फाइलीतला कोड चालण्याचा धोका असतो. शिवाय गेम सुरू झाल्यावर ज्या लायब्रऱ्या हाका मारून बोलावल्या जातात, त्या या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी लोडरलाच बोलतं करावं लागतं. 'एलडी डीबग' हा पर्याय लावला की तो कोणत्या फोल्डरात गेला, काय शोधलं, कुठून रिकाम्या हाताने परतला, सगळं ओळीओळीने लिहून देतो. हे वाचन मला मनापासून आवडतं. गेमचा कोड बंद असला तरी त्याच्या पायाखालची जमीन उघडी आहे, आणि ती कुणालाही न विचारता खणता येते.

या कामातला सर्वांत मोठा मोह म्हणजे खोटी जोड. गेम पाच क्रमांकाची लायब्ररी मागतो, यंत्रावर सहा क्रमांकाची आहे. मग सहालाच पाच नावाची लिंक देऊन मोकळं व्हायचं. पण तो क्रमांक वाढवलेलाच असतो प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातला जुना करार मोडला म्हणून. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावला तरी अक्षरं दिसतात, डोकं नंतर दुखतं. कधी लोडर दारातच अडवतो. कधी गेम सुरू होतो आणि तासाभराने, नेमका खेळ जतन करताना कोसळतो. त्यापेक्षा तीच जुनी आवृत्ती विश्वासाच्या जागेवरून आणून गेमच्या फोल्डरात ठेवावी.

उलटाही प्रकार असतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर सापडत नाही अशी तक्रार येते, आणि ड्रायव्हर जागेवरच असतो. गेमसोबत आलेली जुनी सी-प्लस-प्लस लायब्ररी आधी उचलली जाते, नव्या ड्रायव्हरला ती पुरत नाही, म्हणून तो चढत नाही. इथे काही आणायचं नसतं, सोबत आलेलं बाजूला करायचं असतं. स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेच्या रनटाइममध्ये आता गेमला ठरावीक लायब्रऱ्यांच्या वेगळ्या खोलीत बसवून ड्रायव्हर तेवढा यंत्राचा दिला जातो. ही दिशा मला योग्य वाटते.

२०१९ च्या जूनमध्ये उबंटू या लिनक्स वितरणाने ३२-बिट पॅकेजं पुढच्या आवृत्तीपासून थांबवण्याचं जाहीर केलं, तेव्हा स्टीम आणि विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन वापरणाऱ्यांनी मोठा आक्षेप घेतला. आठवड्याभरातच निवडक लायब्रऱ्या ठेवायचं ठरलं. तो आक्षेप रास्त होता. ज्यांचा कोड आता कुणीच पुन्हा बांधणार नाही अशा कित्येक गेमना दुसरा आधारच नाही.

म्हणून गेमचा आवाज, खिडकी आणि जॉयस्टिक सांभाळणाऱ्या एसडीएल या लायब्ररीच्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. लोकी ही लिनक्सवर गेम आणणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. तिथेच काम केलेल्या रायन गॉर्डन यांनी एसडीएलच्या दुसऱ्या पिढीत एक सोय करून ठेवली. गेमने एसडीएल स्वतःतच मुरवून घेतली असली, तरी बाहेरून एक मार्ग सांगून तिच्या जागी नवी आवृत्ती बसवता येते. पहिल्या पिढीवरच्या गेमसाठीही जोडलायब्ररी आहे: गेम जुन्या नावाने हाक मारतो, काम नवी करते. ही जोड खरी, कारण करार वाचून, प्रत्येक जुन्या हाकेला उत्तर लिहून ती बनवली आहे. जुना गेम हाती आला की मी आधी त्याच्यात एसडीएल आहे का ते पाहतो. असली, तर आवाज, खिडकी आणि जॉयस्टिक यांच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.